हळर्णचा शॉकयोग्य रस्ता

हळर्ण येथील रहिवासी श्री. गुरुदास यांना डॉक्टरांनी रोज चालण्याचा सल्ला दिला, आणि त्या सल्ल्यानुसार त्यांनी ताबडतोब एक ट्रक विकत घेतला.

यात विसंगत असे काही नव्हते. गुरुदास पेडण्यातल्या एका पतसंस्थेत वरिष्ठ कारकून होते, आणि कोणतीही सूचना अमलात आणण्यापूर्वी तिला साजेसे साहित्य मागवावे लागते हे नोकरीने त्यांच्या अंगी मुरवले होते. ट्रक रिमोटवर चालणारा होता. अंगाने मांजराएवढा, पण चाके सोललेल्या नारळाएवढी. अशा ट्रकला मॉन्स्टर ट्रक म्हणतात. ट्रक पुढे धावेल, आपण रिमोट धरून मागून जाऊ, म्हणजे चालणे आपोआप होईल, अशी योजना होती. त्यांच्या पत्नीने, क्षमाने, मग कुत्रा का नाही आणला असे विचारले. कुत्र्याचे शॉक बदलता येत नाहीत हे उत्तर गुरुदासांना तेव्हा सुचले नाही, कारण शॉकचा प्रश्न अजून उद्भवायचा होता.

तो पहिल्याच रविवारी उद्भवला. शेताच्या बांधावरून ट्रकने झकास उडी घेतली, चारही चाकांवर उतरला, आणि मग चेंडूसारखा परत वर उसळून काजूच्या झुडपात उताणा पडला. गुरुदासांनी पुन्हा उडी मारायला लावली, ट्रक पुन्हा उताणा. त्यांनी त्याचे चित्रीकरण करून रिमोटचे ट्रक बाळगणाऱ्या प्रौढांच्या एका व्हॉट्सॲप गटावर टाकले. गटाचे मत एकमुखी आले: शॉक बदला.

शॉक म्हणजे प्रत्येक चाकामागे बसवलेली एक नळी. आत तेल, बाहेर स्प्रिंग. चाकाला बसलेला धक्का ती स्वतः गिळते आणि वर पोचू देत नाही. गुरुदासांच्या ट्रकला कंपनीने दिलेले शॉक प्लास्टिकचे होते, आणि ते गिळण्याऐवजी ओकत होते. बदलायचे हे ठरले. कोणते घ्यायचे यावर मात्र गटात दोन तट पडले. पातळ तेलवाल्यांचे म्हणणे, तेल पातळ असेल तर चाक झटकन खालीवर होते आणि लहान खड्डे कळतही नाहीत. दाट तेलवाल्यांचे म्हणणे, पातळ तेलाने ट्रक उडीनंतर नाचतो आणि माणसाची शोभा होते. स्प्रिंग मऊ घ्यावी तर वळणावर ट्रक कलतो, कडक घ्यावी तर दगडावर टणकतो. गुरुदासांनी दोन्ही बाजू समजून घेतल्या. गणपती आले नि गेले, दिवाळीच्या पहाटे नरकासुर जळाला, तुळशीचे लग्न लागले, तरी शॉकचा निर्णय विचाराधीनच होता. एवढा विचार त्यांनी स्वतःच्या लग्नाच्या वेळीही केला नव्हता. हे क्षमाने बोलून दाखवले.

क्षमा धारगळच्या शाळेत शिकवायची आणि रोज स्कूटरने जायची यायची. हळर्ण ते धारगळ हा रस्ता सरकारी दप्तरी चांगल्या स्थितीत होता. तिच्या कमरेचे मत वेगळे होते. त्यातून स्कूटरचा मागचा शॉक मेलेला, त्यामुळे रस्त्याचे म्हणणे तिला अगदी थेट ऐकू यायचे. एका संध्याकाळी ती चहा करत असताना बाहेरच्या खोलीतून गुरुदासांचा कळकळीचा आवाज आला. ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, "कणा सरळ राहायला हवा. धक्का वर पोचताच कामा नये. रोजच्या रोज आदळून किती दिवस काढणार ती बिचारी?"

क्षमाचे डोळे भरून आले. ती कप घेऊन बाहेर आली. तेव्हा गुरुदासांच्या मांडीवर ट्रक उताणा होता आणि त्याच्या चासीवरून, म्हणजे सांगाड्यावरून, ते हळुवार बोट फिरवत होते.

"तेका चार नवे शॉक," ती म्हणाली. क्षमाचे माहेर बांद्याचे, आणि मनातले बोलायचे झाले की ती माहेरच्या बोलीत शिरायची. "आणि माझ्या स्कूटरीक एक नाय. माका चाकां आसली तर तरी बघशात काय माझ्याकडे?"

"बाबलीकडे सांगून ठेवलंय गे," गुरुदास म्हणाले. "तुझं प्रकरण प्रक्रियेत आहे."

बाबली हा धारगळच्या नाक्यावरचा मेकॅनिक. त्याच्याकडे खरोखरच सांगून ठेवले होते. मागच्या शिगम्याला, होळीच्या दिवसांत.

अखेर ॲल्युमिनियमचे, निळ्या रंगाचे, वर चकती फिरवून उंची कमीजास्त करता येणारे शॉक आले. तेल मध्यम घेतले, म्हणजे दोन्ही तट सारखेच नाराज झाले. जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र अंथरून गुरुदासांनी चारही नळ्यांत तेल भरले आणि त्या उभ्या करून ठेवल्या. आतला हवेचा शेवटचा बुडबुडा वर येईपर्यंत नळी हलता कामा नये, असा नियम आहे. म्हणून पंखा बंद राहिला, दार आपटायला बंदी झाली आणि क्षमाने भात-कालवणाची शीतकडी मांडीवर ताट घेऊन खाल्ली.

आता चाचणी. नव्या शॉकची परीक्षा घ्यायला खडतर जमीन लागते. परदेशातले शौकीन त्यासाठी खास मैदाने बांधून घेतात, असे गटावर वाचून गुरुदास खिन्न झाले होते. मग एका रविवारी सकाळी ते पाव आणायला बाहेर पडले आणि रस्त्याकडे प्रथमच डोळसपणे पाहिले. त्यांना गहिवरून आले. मऊ स्प्रिंगची कसोटी पाहणारे ओळीने उथळ खळगे, तेलाची कसोटी पाहणारी धारदार कडा, उडीसाठी खडी उखडून झालेला उंचवटा, सगळे घरापासून हाकेच्या अंतरावर होते. इतकी वर्षे आपण याला रस्ता समजत होतो, याचे त्यांना वाईट वाटले.

त्या रविवारपासून चाचण्या सुरू झाल्या. ट्रकच्या टपावर गुरुदासांनी पाण्याने काठोकाठ भरलेला एक स्टीलचा पेला घट्ट बसवला. सुरुवातीला पाणी सांडायचे. मग चकती थोडी खाली, शॉकचे वरचे टोक आतल्या भोकात, मागे तेल जरा दाट, असे करत करत एके दिवशी ट्रक वाड्यापासून, म्हणजे घराजवळच्या वस्तीपासून, पार मोठ्या वळणापर्यंत गेला, तिथे ऐटीत एक पूर्ण गोल घेऊन परत आला, आणि पेल्यातले पाणी जसेच्या तसे. मासळी घेऊन परतणारी माणसे थांबून बघत होती. त्यांनी टाळ्या वाजवल्या. ज्या खड्ड्यात आदल्याच दिवशी त्यांच्यापैकी एकाचे बांगडे सांडले होते, त्याच खड्ड्याच्या काठावर उभे राहून त्यांनी टाळ्या वाजवल्या.

गुरुदासांनी चित्रफीत सगळीकडे पाठवली. खाली लिहिले, "हळर्ण-धारगळ रस्ता. एक थेंब सांडला नाही."

हे वाक्य त्यांनी शॉकविषयी लिहिले होते.

इकडे गावचे सरपंच कृष्णनाथ यांनी त्या रस्त्याविषयी रस्ते कार्यालयाकडे इतक्या तक्रारी केल्या होत्या की कार्यालयाने त्यांना दिवाळीचे शुभेच्छापत्र पाठवायला सुरुवात केली होती. शेवटी एकदाची पाहणी ठरली. कनिष्ठ अभियंता अंकिता ही डिचोलीकडची मुलगी, नोकरीला नवी, स्वभावाने सरळ. ती वळणापाशी चालत आली, तेव्हा तिच्या चपलांना चिखल होता.

"मॅडम, तुमची जीप खय आसा?" कृष्णनाथांनी विचारले.

"मागे ठेवली. पुढे येईना."

"कित्याक येईना?"

अंकिताने रस्त्याकडे पाहिले. "ते मला लिहिता येत नाही," ती म्हणाली. "जीप का चालत नाही, हा वाहन शाखेचा विषय आहे. मी फक्त रस्त्याविषयी लिहू शकते."

"मगे रस्त्याविषयी लिहा."

"त्यासाठी एखादं वाहन रस्त्यावरून जाताना बघावं लागतं."

तेवढ्यात एक वाहन गेलेच. टपावर पाण्याचा पेला घेऊन ते खड्ड्यांत उतरले, चढले, उंचवट्यावरून उडाले, उतरले, आणि त्यामागून गुरुदास रिमोट धरून, डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे, चालत आले. पेल्यातले पाणी हलले नाही. कृष्णनाथांनी कपाळाला हात लावला. अंकिताने प्रामाणिकपणे जे पाहिले ते लिहिले, आणि जे पाहिले नाही, म्हणजे दुसरे कोणतेही वाहन, ते लिहिले नाही.

कार्यालयातल्या मोठ्या साहेबांनी तिचा अहवाल वाचला, चित्रफीत पाहिली आणि बऱ्याच दिवसांनी त्यांना नोकरीत आनंद वाटला. निष्कर्ष त्यांनी स्वतः पत्रक काढून सांगितला. सदर रस्त्यावरून सदर ट्रक पाण्याचा थेंबही न सांडता मार्गस्थ झाला असल्याने रस्ता निर्दोष आहे. तक्रारदारांना बसणारे धक्के हे रस्त्यातून उत्पन्न होत नसून त्यांच्या वाहनांच्या निकृष्ट शॉकमधून उत्पन्न होतात. शॉक ही नागरिकाची खाजगी बाब असल्याने तक्रार निकाली काढण्यात येत आहे.

त्याच पत्रकात गुरुदासांचा ट्रक यापुढे पेडणे व डिचोली तालुक्यांसाठी 'मानक वाहन' म्हणून गणला जाईल, असे म्हटले होते. रस्ता चांगला की वाईट हे मानक वाहन ठरवील.

गुरुदासांना आधी थोडे चमत्कारिक वाटले. सगळा जन्म त्यांनी दुसऱ्यांच्या पत्रांना जावक क्रमांक देण्यात घालवला होता, आणि आता एका सरकारी पत्रात त्यांच्या ट्रकचा उल्लेख होता, तोही आदरार्थी. त्यांनी ते पत्रक लॅमिनेट करून घेतले. क्षमाने ते वाचले आणि कमरेला गरम पाण्याची पिशवी लावून झोपून गेली.

मग रोज कुठून ना कुठून बोलावणे येऊ लागले. जिथे म्हणून रस्त्याची तक्रार असेल तिथे कार्यालयाची जीप गुरुदासांना आणि ट्रकला घेऊन जायची. खराब रस्त्यावर जीप मध्येच थांबायची, पुढे सगळे चालत जायचे, आणि मग ट्रक रस्ता चांगला असल्याचे सिद्ध करायचा. गुरुदासांचा रक्तदाब उतरला. डॉक्टर खूश झाले.

डिचोली तालुक्यातल्या लाटंबार्सेला मात्र वेळ कठीण होती. तिथला रस्ता खनिजाच्या अवजड गाड्यांनी वर्षानुवर्षे तुडवलेला, मधोमध एक खड्डा असा की त्यात शेजारच्या बागायतीतले काजू गळून पडले होते आणि एकाला कोंब फुटला होता. गावची माणसे रस्त्याच्या दोन्ही बाजूंना उभी होती. आज तरी हा ट्रक उलटेल आणि आपला रस्ता होईल, एवढीच त्यांची इच्छा होती. पण आता गुरुदासांच्या इभ्रतीचा प्रश्न होता. आदल्या दिवशी खपून त्यांनी लांब दांड्यांचे शॉक बसवले होते, पुढे मऊ स्प्रिंगा, मागे सगळ्यात दाट तेल. ट्रक खड्ड्यात गेला. दिसेनासा झाला. गाव वाकून बघू लागले. मग पलीकडच्या काठावर आधी पेला दिसला, मग ट्रक. पाणी शाबूत. लोकांनी नकळत टाळ्या वाजवल्या, आणि आपण काय केले हे लक्षात आल्यावर एकमेकांकडे बघत हात खाली घेतले.

सुशीला नावाची एक म्हातारी तेवढी टाळ्या न वाजवता बसून होती. तिचे गुडघे दुखायचे, आणि या रस्त्यावर रिक्षा यायची बंद झाल्यापासून ती बाजाराला गेली नव्हती. ती काठी टेकत ट्रकपाशी आली, वाकून बघितले आणि गुरुदासांना म्हणाली, "बरो आसा रे बाबा तुजो ट्रक. हेच्यात म्हाका बसोवन दिवचलेक व्हरशी?"

ती चेष्टा करत नव्हती. डिचोलीला गाववाले दिवचल म्हणतात, तिथपर्यंत नेशील का एवढेच तिला विचारायचे होते. गुरुदासांनी रिमोट एका हातातून दुसऱ्या हातात घेतला. "आजी, यात बसता येत नाही," ते म्हणाले.

"मगे हो ट्रक कोणाखातीर?" तिने विचारले, आणि उत्तराची वाट न बघता ती परत जाऊन बसली.

जीपमध्ये परत येताना अंकिता आणि गुरुदास दोघेही खिडकीबाहेर बघत होते. "मला लिहावं लागेल," ती मध्येच म्हणाली. "पाणी सांडलं नाही."

"नाही सांडलं," गुरुदास म्हणाले. पण नेहमीसारखी पाठ त्यांनी ताठ केली नाही.

दोन्ही तालुक्यांतले रस्ते अशा रीतीने सुधारल्यावर कार्यालयाने नागरिकांकडे लक्ष वळवले. शॉक जागृती सप्ताह साजरा झाला. शाळाशाळांत 'माझा शॉक, माझी जबाबदारी' या विषयावर निबंध झाले. ते तपासायचे काम क्षमाकडे आले. रस्त्याकडेला नवे फलक लागले. पूर्वी जिथे 'पुढे खराब रस्ता' अशी पाटी होती, तिथे आता 'पुढे दाट तेलाचा रस्ता' अशी पाटी आली. हळर्णच्या उतारावर 'मऊ स्प्रिंग अनिवार्य' असे लिहिले गेले. लोकांनी सुरुवातीला शिव्या दिल्या, मग बाबलीकडे रांग लावली.

बाबलीने गॅरेजची पाटी बदलून 'शॉक क्लिनिक' केले आणि गळ्यात टॉर्च अडकवून फिरू लागला. पाव विकणाऱ्या पोदेराने सायकलीच्या मागच्या पावाच्या टोपलीला स्वतंत्र शॉक बसवून घेतले. त्याचा पाव आता वाकून नमस्कार केल्यासारखा खालीवर होत गावभर फिरायचा. स्कूटरी उंच झाल्या, रिक्षा त्याहून उंच. चहाच्या गाड्यावर हवापाण्याऐवजी तेलाच्या घट्टपणाविषयी बोलणे होऊ लागले. कोणाचा मुलगा कोणते शॉक वापरतो हे सोयरीक जुळवताना विचारले जाऊ लागले. कृष्णनाथ सरपंचांनी तक्रारी करणे थांबवले, कारण तक्रार करणाऱ्याचे शॉक हलके आहेत असे लोक समजू लागले होते आणि निवडणूक जवळ आली होती.

या सगळ्यात क्षमाच्या स्कूटरचे प्रकरणही मार्गी लागले. बाबलीने तिला उपलब्ध शॉकपैकी सगळ्यात लांब शॉक बसवून दिले. स्कूटर खड्ड्यांवरून होडीसारखी जाऊ लागली. फक्त क्षमाचे पाय जमिनीला पोचेनासे झाले.

एका दुपारी शाळेतून येताना समोरून पोदेर आला. रस्ता अरुंद, दोन खड्ड्यांच्या मधून एकच वाट. क्षमाने त्याला जागा देण्यासाठी स्कूटर थांबवली, पाय टेकायला गेली, आणि खाली जमीन नव्हती. ती सावकाश, एखादे झाड पडावे तशी, आडवी झाली.

गुरुदास घरी आले तेव्हा ती पायरीवर बसली होती. कोपर सोलवटले होते, साडीला लाल माती. शेजारी तपासायच्या निबंधांचा गठ्ठा, तोही लाल. गुरुदासांनी हळद आणली आणि कोपराला लावू लागले. 

"शॉक कमी पडले काय?" त्यांनी विचारले. सवयच तशी लागली होती.

"जास्त झाले," क्षमा म्हणाली. "पाय खाली पोचलेच नाय." मग ती जरा थांबली. "तुमच्या ट्रकावरच्या पेल्याइतकां तरी माका जपा हो कोणी."

यात राग नव्हता. ती अगदी साध्या आवाजात बोलली. गुरुदासांनी निबंधांच्या गठ्ठ्यावरची माती झटकली आणि तो आत नेऊन ठेवला.

पुढच्याच आठवड्यात हळर्णला समारंभ होता. मोठे साहेब स्वतः येऊन हळर्ण-धारगळ रस्ता 'आदर्श शॉकयोग्य रस्ता' म्हणून जाहीर करणार होते. मंडप पडला, खुर्च्या आल्या. खुर्च्यांचा टेम्पो खड्ड्यात अडकल्याने त्या हातोहात आणाव्या लागल्या. मानक वाहन मंडपापासून निघून वळणावर जाऊन परत येणार आणि त्याच्या टपावरच्या पेल्यातले पाणी साहेब तुळशीला घालणार, असा कार्यक्रम होता.

सकाळी क्षमा उठली तेव्हा गुरुदास जेवणाच्या टेबलापाशी बसले होते. समोर निळे शॉक काढून ठेवलेले. ट्रकला ते कंपनीचे मूळचे प्लास्टिकचे शॉक बसवत होते, ज्यांच्यात तेल असे फारसे उरलेच नव्हते.

"ह्या काय करतात तुमी?" तिने विचारले.

"पंखा लाव," गुरुदास म्हणाले. "आज बुडबुड्यांचं काही नाही."

ती उभी राहून त्यांच्याकडे बघत होती. मग तिने पंखा लावला, आणि चहा टाकायला आत जाताना त्यांच्या खांद्यावरून हात फिरवून गेली.

समारंभात साहेबांचे भाषण लांबले. रस्ता ही मानण्याची गोष्ट आहे, असे ते म्हणाले. मग त्यांनी हिरवे निशाण दाखवले. गुरुदासांनी रिमोटचा खटका ओढला. ट्रक पहिल्या खळग्यात गेला, तिथून उसळला, दुसऱ्याच्या कडेवर आपटला, हवेत पूर्ण उलटला आणि साहेबांच्या पायाशी येऊन उताणा पडला. पेल्यातले पाणी साहेबांच्या नव्या पँटवर, नको त्या ठिकाणी सांडले.

 मग मागच्या रांगेतून कोणीतरी टाळी वाजवली. ती सुरुवातीची एकटी टाळी क्षमाची होती असे काहींचे म्हणणे आहे. पाठोपाठ सगळा मंडप टाळ्या वाजवू लागला. कृष्णनाथ तर खुर्चीवर उभे राहिले. मानक वाहन उलटले होते. म्हणजे रस्ता नापास झाला होता, आणि तो साहेबांच्याच पत्रकानुसार नापास झाला होता.

अंकिताने तिथल्या तिथे अहवाल लिहायला घेतला. तिचे अक्षर त्या दिवशी फार सुंदर आले.

आणि कार्यालय, हे सांगितलेच पाहिजे, दिल्या शब्दाला जागले. मानक वाहनास अपघात ही गंभीर बाब असल्याने काम तातडीचे ठरले. रोलर आला, डांबर आले, माणसे आली. मानक वाहनास विनाअडथळा जाता येईल इतका रस्ता त्वरित गुळगुळीत करावा, असा आदेश होता, आणि आदेश अक्षरशः पाळला गेला. मानक वाहनाची रुंदी वीतभर. दोन्ही बाजूंना थोडी मोकळीक धरून, हळर्णच्या वाड्यापासून मोठ्या वळणापर्यंत, वळणापासून पुढे धारगळपर्यंत, आहे त्या खड्ड्यांच्या मधून हातभर रुंदीचा एक काळाभोर, आरशासारखा पट्टा तयार झाला. वाकडातिकडा, कारण वळणापर्यंत तो गुरुदासांच्या जुन्या चित्रफितीवरून आखला होता आणि पुढे त्याच चालीने ओढला होता. वळणापाशी ट्रकने ऐटीत घेतलेला पूर्ण गोलही त्यात तसाच उतरला.

पहिल्या दिवशी लोक काठावर उभे राहून त्या पट्ट्याकडे नुसते बघत राहिले. दुसऱ्या दिवशी एक स्कूटर त्यावरून गेली. आठवड्याभरात सगळा गाव एकामागून एक त्या पट्ट्यावरून ये-जा करू लागला. चारचाकीवाले एक बाजू पट्ट्यावर ठेवून निम्मे सुख घेतात. सकाळी धारगळकडे आणि संध्याकाळी हळर्णकडे जाणाऱ्यांचा मान, असे आपोआप ठरले आहे. समोरून कोणी आले तर वयाने लहान असेल त्याने खड्ड्यात उतरायचे. वळणापाशी आले की सगळे इमानेइतबारे तो गोलही मारतात. साहेबांचा सत्कार झाला. सत्काराला गुरुदासही गेले होते, आणि बाबलीने सगळ्यांचे शॉक पुन्हा आखूड करून दिले.

क्षमाची कंबर आता पुष्कळ बरी आहे.

मध्यंतरी अंकिता तिला शाळेत भेटायला आली. दार ओढून घेऊन हळूच म्हणाली, "बाई, एक संधी आहे. गावातून एक तक्रार आली तर उरलेला रस्ताही मी मंजुरीला घालू शकते. साहेब बदलून जातायत. तुम्ही सही कराल?"

क्षमाने खिडकीबाहेर पाहिले. शाळा सुटली होती. मुले रांगेने पट्ट्यावरून सायकली चालवत होती, एकही मूल डोळे उघडून रस्त्याकडे बघत नव्हते, तरी एकही पट्ट्याबाहेर जात नव्हते.

"नको गे बाय," ती म्हणाली. "परत सगळा खणून ठेवतीत. आसा ता बरा चल्लाहा."

अंकिता निघून गेली. हे वाचताना क्षमाचा ज्यांना राग आला असेल, त्यांचा राग रास्त आहे. त्यांनी एवढेच करावे. उद्या सकाळी कामावर जाताना, आपल्या घराजवळच्या त्या एका ठिकाणी, समोर कोणी नसताना, बोलता बोलता, गाडी आपोआप किंचित उजवीकडे वळेल, तेव्हा ती कशाला चुकवते आहे ते एकदा उतरून बघावे.